पडदा कोणीं उघडावा?

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या आरंभीं दिंडोशी येथील एका नव्या इमारतींत एकोणिसाव्या मजल्यावर राहावयास जाण्याचा योग आम्हांस आला. घर लावतांना भिंतींस रंग कोणता, ओटा केवढा, देव्हारा कोणत्या बाजूस, हे प्रश्न घरांतील वडील माणसांनीं दोन दिवसांत सोडविले. परंतु खिडक्यांना कसले पडदे लावावे या वरकरणीं क्षुल्लक प्रश्नावर मात्र तीन आठवडे वाद चालला. त्याचा एक निकाल लागला, तो आम्हीं अमलांत आणला, आणि पांच महिन्यांच्या आंत आम्हांस तो फिरवावा लागला. बाजारांतून एक वस्तु निवडण्याच्या या साध्या प्रकरणांत नीतीचा एक प्रश्न दडलेला होता व तो आमच्या ध्यानांत वेळेवर आला नाहीं, ही आमची कबुली आहे. हाच प्रश्न आज पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांपुढें येऊं लागला आहे; म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार करण्याचें योजिलें आहे.

दिंडोशीचा भाग ज्यांनीं पाहिला नसेल त्यांस त्याची थोडी कल्पना द्यावयास हवी. पश्चिमेस द्रुतगति महामार्ग, पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या, आणि या दोहोंच्या मधें गोरेगांव व मालाड यांच्या पूर्वांगास हा भाग पसरलेला आहे. टेकड्यांच्या बाजूस १९७७ सालीं स्थापन झालेली चित्रनगरी आहे. दादासाहेब फाळके यांचें नांव तिला पुढें देण्यांत आलें. याच परिसरांत मृणालताई गोरे, बाबूराव सामंत प्रभृतींच्या नागरी निवारा परिषदेनें दीर्घकाळ लढा देऊन बेताच्या उत्पन्नाच्या हजारों कुटुंबांसाठीं घरें उभीं केलीं. आमच्या मावशी त्यांपैकींच एका घरांत, दुसऱ्या मजल्यावर, वीस-बावीस वर्षें राहिल्या होत्या. पुढें २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या दिवशीं, मेट्रोचा सातवा मार्ग दिंडोशीवरून धावूं लागला. महामार्गाच्या आसपास उंच मनोरे उठले होतेच. त्यांत आणखी भर पडत आहे. या मनोऱ्यांच्या भिंतींत विटेपेक्षां कांचेचा भाग मोठा, आणि एकाची खिडकी दुसऱ्याच्या खिडकीकडे तोंड करून उभी. पूर्वेच्या खिडकींतून डोंगर, पश्चिमेच्या खिडकींतून ऊन आणि उरलेल्या खिडक्यांतून शेजारी, असें आमच्या नव्या घराचें स्वरूप आहे.

आपल्या जुन्या घरांना पडद्यांची एवढी विवंचना नव्हती. देशावरील वाड्याची बाहेरची भिंत जाड, तिला झरोके लहान, आणि उजेड यावयाचा तो आंतल्या चौकांतून. माजघरांत दुपारीं जो काळोख असे तो दारिद्र्याचा नव्हता. उन्हाशीं वागण्याची ती एक समजूतदार रीत होती. गोव्यांतील जुन्या घरांतून खिडक्यांच्या लांकडी चौकटींत पातळ शिंपल्यांचे तुकडे बसवीत. त्यांतून ऊन दुधासारखें मऊ होऊन आंत येई, आणि आंतलें माणूस बाहेरून दिसत नसे. मुंबईच्या चाळींत सामाईक सज्जा असल्यामुळें दारावर अर्धा पडदा लावण्याची चाल पडली. हवा खालून यावी, लाज वर राहावी, एवढी त्या अर्ध्या पडद्याची कामगिरी. उन्हाळ्यांत बांबूच्या चिका सोडीत व ज्यांस परवडे ते वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारीत. या सर्व साधनांत एक गोष्ट समान होती: तीं माणसाच्या हातानें हालत. ऊन आलें कीं कोणी तरी उठून चिक सोडी, उतरलें कीं गुंडाळी. हें काम कष्टाचें नव्हतें, पण तें करण्यास घरांत माणूस जागें असावें लागे. ही गोष्ट त्या वेळीं कोणाच्याही लक्षांत येण्यासारखी नव्हती.

आतां यंत्रचलित पडद्यांची बाजू मांडूं. कारण त्यांची बाजू लहान नाहीं, आणि ती नीट न ऐकतां त्यांस नांवें ठेवणें अन्यायाचें होईल. या पडद्यांची मोटर बहुधा वरच्या नळींतच बसविलेली असते. ती भिंतींतील विजेवर चालते किंवा बॅटरीवर. बॅटरी असल्यास कांहीं महिन्यांनीं ती भरावी लागते. भिंतीवरील बटनानें, हातांतील फोननें, तोंडच्या हुकुमानें, घड्याळाच्या वेळेनें किंवा उजेड मापणाऱ्या उपकरणाच्या सूचनेनें पडदा वरखालीं होतो. मुंबईचें अक्षांश सुमारें १९ अंश उत्तर. त्यामुळें मे महिन्याच्या मध्यास एकदां आणि जुलैच्या अखेरीस पुन्हां एकदां दुपारीं सूर्य बरोबर माथ्यावर येतो, आणि या दोन तारखांच्या दरम्यान मध्याह्नीं तो चक्क उत्तरेकडे झुकलेला असतो. ज्या खिडकीस वर्षभर ऊन शिवत नाहीं तिच्यांत त्या दिवसांत ऊन येतें. रोजचा हा फरक मनुष्य लक्षांत ठेवीत बसत नाहीं. यंत्र ठेवूं शकतें. शिवाय कांचेचा एक गुण असा कीं ती सूर्यप्रकाशास आंत येऊं देते, पण त्या प्रकाशानें तापलेल्या जमिनींतून व सामानांतून निघणारी उष्णता तिच्यांतून सहज बाहेर जात नाहीं. म्हणून खोली तापल्यावर पडदा ओढण्यापेक्षां ऊन पडण्यापूर्वीं ओढणें शहाणपणाचें. आणि नोकरीस गेलेल्या माणसास तें साधत नाहीं. खरें म्हणजे यावर उत्तम उपाय खिडकीच्या बाहेरचा. जुन्या इमारतींच्या छज्जांनीं जें काम फुकट केलें तें आंतला कोणताही पडदा पुरतें करूं शकत नाहीं. परंतु नव्या मनोऱ्यांस छज्जे क्वचितच असतात, आणि विकत घेतलेल्या घराची भिंत आपणांस बदलतां येत नाहीं.

दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. साध्या पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्या लहान मुलांच्या गळ्यास फांस बसण्यास कारण होतात. असे मृत्यु पुष्कळ घडल्यामुळें अमेरिकेंत डिसेंबर २०१८ पासून तयार विकल्या जाणाऱ्या पडद्यांना हातास लागेल अशी दोरी नसावी असें सुरक्षेचें मानक लागू झालें. मोटरच्या पडद्यास ओढण्याची दोरी लागत नाहीं. घरांत रांगतें मूल असतां केवळ एवढ्या कारणासाठीं कोणी हे पडदे घेतले, तर त्यास चैनी म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

आमच्या घरांतील वादांत हे सर्व मुद्दे आमच्या चिरंजीवांनीं मांडले आणि ते आम्हांस पटले. कापड निवडण्यांत आमच्या सुनबाईंनीं चांगलाच चोखंदळपणा दाखविला. या कापडांच्या विणींत किती छिद्र आहे तें एक, तीन, पांच, दहा अशा टक्क्यांत सांगतात. छिद्र जितकें कमी तितका आडोसा अधिक व बाहेरचा देखावा पुसट. जाळीदार कापडांतून दिवसा आंतून बाहेरचें दिसतें व बाहेरून आंतलें दिसत नाहीं. परंतु रात्रीं आंत दिवा लावला कीं प्रकार अगदीं उलटा होतो. ही गोष्ट विकत घेण्यापूर्वीं प्रत्येक गृहस्थानें घरीं नमुना आणून, दिवा लावून, जिन्यांत उभें राहून पाहावी अशी आमची शिफारस आहे. अखेर सर्व खिडक्यांना मोटरचे पडदे लागले व त्यांचें वेळापत्रक ठरलें. पूर्वेचे सकाळीं साडेसहास वर जावयाचे; पश्चिमेचे दुपारीं दीडला खालीं यावयाचे; रात्रीं आठला सर्व बंद. प्रत्येक वेळीं आमच्या फोनवर एका ओळीची वर्दी येई.

मावशी आमच्याकडेच राहावयास आल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, प्रकृति एरवीं धडधाकट. नागरी निवाऱ्यांतील त्यांच्या जुन्या घरीं त्या पहांटे उठून प्रथम खिडकीचा पडदा सारीत, मग चहाचें आधण ठेवीत. समोरच्या इमारतींतील एक बिऱ्हाडकरीण तो पडदा पाही. एकदां रात्रीच्या गाडीनें येऊन मावशी आठ वाजेपर्यंत झोंपल्या, तर ती बाई मुलाला घेऊन जिना चढून दार ठोठावीत उभी! मावशी त्या वेळीं तिच्यावर रागावल्या होत्या. झोंप मोडली म्हणून. नव्या घरीं पडदा सारण्याचें काम त्यांना उरलें नाहीं. समोरच्या विंगेंत एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांची व मावशींची लिफ्टमध्यें ओळख झाली व पुढें खिडकींतून हात हालविण्यापर्यंत वाढली. या ओळखींत कसलाही करार नव्हता. पण सकाळीं मावशींच्या खोलीचा पडदा वर गेला कीं बाई तो पाहत, एवढें खरें.

भाद्रपदांत आम्ही सर्वजण गणपतीसाठीं कोंकणांत गेलों. प्रवास झेपणार नाहीं म्हणून मावशी मागें राहिल्या. कामाची बाई अकरा वाजतां येई. तिच्याजवळ किल्ली होती. तिसऱ्या दिवशीं पहांटे पांचाच्या सुमारास मावशी उठल्या, घेरी आली आणि त्या पलंग व न्हाणीघर यांच्या मधें पडल्या. मांडीचें हाड मोडलें. फोन बाहेरच्या खोलींत चार्जिंगला लावलेला. त्या तशाच पडून असतां साडेसहा वाजतां त्यांच्या डोक्यावरचा पडदा शांतपणें वर गेला व खोलींत ऊन आलें. समोरच्या बाईंनीं तो पाहिला. कोंकणांत आमच्या फोनवर वर्दी आली. ती आम्हीं वाचली आणि, आतां लिहितांनाही संकोच वाटतो, आमच्या मनांत आलें कीं मावशी उठल्या. रोज सकाळीं फोन करण्याचें आम्हीं ठरविलें होतें. त्या दिवशीं आरतीची घाई होती, आणि वर्दी आलेली होती. अकरा वाजतां कामाची बाई येईपर्यंत, म्हणजे सहा तास, मावशी जमिनीवर होत्या.

त्या वांचल्या, शस्त्रक्रिया झाली, आतां त्या वॉकर घेऊन चालतात. पुढें समोरच्या बाई भेटावयास आल्या तेव्हां त्यांच्या डोळ्यांत पाणी होतें. त्या म्हणाल्या, “अहो, पडदा वर होता, म्हणून मी निश्चिंत राहिलें.” मावशींनींच त्यांची समजूत घातली. “तें यंत्र आपलें काम करून मोकळें झालें. मी उठलें कीं नाहीं हें त्याला कोणीं विचारलें होतें?”

या एका वाक्यांत सर्व प्रश्न आलेला आहे, असें आम्हांस पुढें वाटूं लागलें. जोंपर्यंत पडदा माणूस उघडीत होतें तोंपर्यंत उघडलेला पडदा ही एक खूण होती. ती देण्याचा हेतु कोणाच्या मनांत नव्हता. तरी ती रोज दिली जाई व रोज वाचली जाई. खुणेची किंमत कशांत असते? ती चुकण्याची शक्यता असते म्हणून तिला किंमत असते. ज्या दिवशीं माणूस उठणार नाहीं त्या दिवशीं पडदा उघडणार नाहीं, या संभवामुळेंच उघडलेल्या पडद्यास “मी उठलें आहे” असा अर्थ येतो. यंत्रानें तो संभव काढून टाकला, आणि पडदा पूर्वीपेक्षां अधिक नियमितपणें उघडूं लागला. पण त्याचा अर्थ मात्र गेला. बाहेरून पाहणारास हा फरक कळण्याचा कोणताही मार्ग नाहीं. चित्रनगरींत एखाद्या प्रसंगासाठीं नुसती भिंत व खिडकी उभी करतात आणि मागून दिवा लावून सकाळ करतात. प्रेक्षकांस ती सकाळ खरी वाटते, व वाटावी अशीच योजना असते. आमच्या मावशींच्या खिडकींत त्या दिवशीं तसलीच सकाळ झाली होती, फक्त ती खोटी आहे हें आम्हां कोणास ठाऊक नव्हतें.

कोणी म्हणेल, नियमितपणा हा तर सद्गुण. मग यंत्राच्या नियमितपणास दोष कां? जर्मन तत्त्वज्ञ कांट याच्याविषयीं एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. कोनिग्सबर्ग नगरांत तो रोज ठराविक वेळीं फिरावयास निघे व त्यावरून शेजारी आपलीं घड्याळें लावीत. एके दिवशीं तो निघाला नाहीं, कारण रूसोचा ‘एमील’ हा ग्रंथ वाचण्यांत तो गढून गेला होता, असें सांगतात. ही आख्यायिका आपणांस गोड वाटते ती त्या एका चुकलेल्या दिवसामुळें. शेजाऱ्यांनीं त्याच्यावर घड्याळें लावलीं तरी तो घड्याळ नव्हता. आणि तो आला नाहीं हें गांवास कळलें. नियमित मनुष्य व नियमित यंत्र यांतील अंतर चुकण्याच्या दिवशींच दिसतें, आणि नेमक्या त्याच दिवशीं त्या अंतराची कोणास तरी गरज असते.

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या पडद्यांची एक सोय विक्रेते मोठ्या अभिमानानें दाखवितात ती अशी: आपण गांवास गेलों असतां पडदे रोज थोड्याफार फरकानें आपोआप उघडझांप करतात, दिवेही लागतात, आणि बाहेर टेहळणी करणाऱ्या चोरास घरांत माणसें आहेत असें वाटतें. चोरास फसविण्यांत पाप नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु चोराचा डोळा व शेजाऱ्याचा डोळा हे एकाच खिडकीकडे पाहतात. एकास खोटें दाखवून दुसऱ्यास खरें दाखविणारा पडदा अद्यापि कोणीं केलेला नाहीं. बेंथॅम या इंग्रज तत्त्वज्ञानें १७८७ सालीं लिहिलेल्या व १७९१ सालीं छापलेल्या पत्रांत एका वर्तुळाकार तुरुंगाची योजना मांडली होती. मध्यें पहारेकऱ्याची खोली, सभोंवार कैद्यांच्या कोठड्या. आणि मधल्या खोलीच्या खिडक्यांना पडदे, कां कीं पहारेकरी आंत आहे कीं नाहीं हें कैद्यांस कधींही कळूं नये. पडद्याची ही शक्ति त्यानें अचूक ओळखली होती. पण ती तुरुंगासाठीं होती. आंत कोणी आहे कीं नाहीं याचा थांग लागूं न देणें हें पहारेकऱ्यास शोभतें; शेजाऱ्याशीं तसें वागणें म्हणजे त्यास चोरांच्या रांगेंत उभें करणें होय.

यावर एक सबळ आक्षेप आहे, व तो आमच्या घरांतील स्त्रियांनींच घेतला. शेजाऱ्याची नजर ही कांहीं केवळ मायेची नसते. चाळींत कोणाकडे कोण आलें, सून किती वाजतां उठली, दिवा कधीं मालवला, या चौकशांनीं कित्येक स्त्रियांचें आयुष्य गांजून गेलेलें आहे. दाराबाहेरील डोळ्यांपासून सुटका व्हावी म्हणूनच तर माणसें स्वतंत्र घर बांधतात! हा आक्षेप खरा आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें निर्णय दिला कीं खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. आणि घराची खिडकी ही त्या हक्काची सर्वांत जुनी सीमा होय. म्हणून शेजारधर्माच्या नांवाखालीं कोणाची खिडकी उघडी ठेवविणें आम्हांस मान्य नाहीं. परंतु मावशींच्या पडद्यानें शेजारणीस काय सांगितलें असतें? फक्त एवढेंच, कीं मी आहें आणि उठलें आहें. एवढी किमान बातमी आपण होऊन देणें व सर्व घर चव्हाट्यावर मांडणें, यांत पुष्कळ अंतर आहे.

शिवाय खाजगीपणाची भाषा करतांना आपण एक विसंगति करतों ती पाहण्यासारखी आहे. कंपनीच्या दूरच्या संगणकावरून जे पडदे चालतात, त्यांत आपण केव्हां उठतों, केव्हां निजतों, केव्हां गांवास जातों, याची नोंद त्या संगणकांत जाऊं शकते. म्हणजे समोरच्या बाईंस जें कळूं नये म्हणून आपण एवढा खटाटोप करतों, तें आपण कधींही न पाहिलेल्या व्यापाऱ्यास कळतें. त्यास तें कळून उपयोग कोणाचा? मावशी पडल्या तेव्हां ती नोंद होती, पण जिना चढून दार ठोठावणारें कोणी त्या नोंदीच्या पलीकडे नव्हतें. असे पडदे घ्यावयाचेच असतील तर ते घरांतल्या घरांत, बाहेरच्या संगणकाच्या मदतीवांचून, चालतात कीं नाहीं हें प्रथम विचारावें. ऑक्टोबर २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘मॅटर’ या अनेक कंपन्यांच्या समाईक नियमावलींत तशी सोय आहे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा आपल्या संसदेनें २०२३ सालीं केला खरा. पण जी माहिती घराबाहेर गेलीच नाहीं तिच्या रक्षणास कायद्याची गरज पडत नाहीं.

मग निर्णय काय करावा? प्रथम आमच्या मनांत आलें कीं मोटरी काढून टाकून साधे पडदे लावावे. तें मावशींनींच हाणून पाडलें. हाड सांधल्यावर त्यांना खिडकीपर्यंत जाऊन पडदा सारणें कठीण झालें होतें. आणि पलंगावरून बटन दाबून स्वतःची खिडकी स्वतः उघडणें ही त्यांना मोठी सोय वाटत होती. त्यांच्यासारख्या व अपंग माणसांस या यंत्रानें जें स्वातंत्र्य दिलें आहे तें हिरावून घेण्याचा विचार निष्ठुरपणाचा होता. या प्रसंगीं आम्हांस आमच्या विचारांतील एक चूक उमगली. प्रश्न हात कीं मोटर असा नाहींच. बटन दाबून उघडलेला पडदा हातानें सारलेल्या पडद्याइतकाच खरा आहे, कारण दोहोंच्या मागें त्या क्षणीं जागें असलेलें माणूस आहे. खोटा ठरतो तो घड्याळानें उघडलेला पडदा. आणि तितकाच फसवा ठरतो तो दूरदेशीं असलेल्या मुलानें प्रेमानें, पण आईस न विचारतां, तिकडून फोनवर उघडलेला पडदा. ज्याची खिडकी त्याची इच्छा त्या हालचालींत आहे कीं नाहीं, एवढीच कसोटी.

या कसोटीवर आम्हीं घराची नवी व्यवस्था लावली. पश्चिमेचे पडदे पूर्वीप्रमाणें ऊन पाहून आपोआप खालीं येतात. त्यांत कोणाची खूण नाहीं. तें केवळ सूर्याशीं चाललेलें काम आहे आणि यंत्र तें आमच्याहून चांगलें करतें. सकाळचें वेळापत्रक मात्र सर्व खिडक्यांचें रद्द केलें. फोनवरील वर्दी बंद केली. तिच्या जागीं गांवास असतां दोन वेळां मावशींस फोन करण्याचा जुना नेम पुन्हां सुरू केला आहे. चोरासाठीं करावयाची उघडझांपही काढून टाकली. घर रिकामें असेल तेव्हां समोरच्या बाईंस व पहारेकऱ्यास तसें सांगून जावें, ही आमच्या वडिलांची रीत आम्हांस अधिक भरंवशाची वाटते.

यंत्रांविषयीं आमच्या मनांत अढी नाहीं. पण कोणतेंही काम यंत्राकडे सोंपवितांना आपण एक प्रश्न विचारण्यास विसरतों: हें काम होत असतां त्याच्या पोटांत दुसरें कोणतें काम नकळत होत होतें? पडदा सारण्याच्या पोटांत शेजाऱ्यास खुशाली कळविणें होतें. विहिरीवर पाणी भरण्याच्या पोटांत गांवची बातमी होती. दुकानीं उधारी मांडण्याच्या पोटांत पत होती. वरचें काम यंत्र चोख करतें. आंतलें काम कोणी करीत नाहीं, आणि तें होत नाहींसें झालें हें एखादी मावशी पडल्याशिवाय आपणांस कळत नाहीं. तें ओळखून त्याची निराळी सोय लावणें हें यंत्र विकत घेणाराचें कर्तव्य आहे. विकणारावर तें ढकलतां येणार नाहीं.

मावशींच्या खोलीचा पडदा हल्लीं कधीं सहाला उघडतो, कधीं सातला. रात्रीं झोंप लागली नसेल तर साडेसातलाही. या अनियमितपणामुळें समोरच्या बाईंचा फोन आतांपर्यंत दोनदां विनाकारण आला. दोन्ही वेळां मावशी नुसत्या लोळत पडल्या होत्या, आणि दोन्ही वेळां त्या बाईंवर थोड्याशा रागावल्या. तो राग ऐकून आम्हांस बरें वाटलें.